नजरेच्या उंचीवर

"थांबा. तिथंच थांबा... आणि नाकासमोर बघा."

आमच्या सांस्कृतिक केंद्रात मला थांबा म्हणणारा माणूस त्या दिवसापर्यंत कुणी बघितला नव्हता. लोकांना थांबवणं, पळवणं, वेळेवर व्यासपीठावर चढवणं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळेवर उतरवणं, हे सगळं माझं काम. कार्यक्रमांची जबाबदारी माझी आहे. इथले लोक मला पाठीमागे 'लवंगी' म्हणतात. समोर म्हटलं तरी माझी हरकत नसते, कारण उंची आणि तिखटपणा या दोन्ही बाबतीत नाव अगदी चपखल आहे.

त्या सकाळी बाहेर भुरभुर पाऊस होता. हातात कार्यक्रमपत्रिकांचं खोकं, तेही हनुवटीपर्यंत आलेलं. ऑफिसला जायला कलादालनातून जवळ पडतं म्हणून मी आत घुसले, तर मधोमध एक शिडी आणि शिडीवर हा. बाह्या वर दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल, तोंडात दोन खिळे.

"का थांबू?" मी विचारलं.

त्यानं खिळे तोंडातून काढले. "चित्रं एका रेषेत यावीत म्हणून बांधायची दोरी किती उंचीवर घ्यायची ते ठरवायला कुणाचे तरी डोळे लागतात."

"आणि माझे चालतात?"

"सध्या समोर तेच आहेत," तो म्हणाला. ते कौतुक होतं की निरुपाय होता, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. शिडीवरून उतरून तो माझ्या बाजूला आला, माझ्या डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलीची बारीक खूण केली आणि म्हणाला, की ही नुसती कच्ची खूण आहे, खरी उंची तो नंतर मोजून घेईल. मग माझ्या हातातलं खोकं न विचारता घेऊन त्यानं ते ऑफिसच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

म्हणजे हाच तो. फोनवर मी त्याच्याशी दोनदा बोलले होते. चित्रं लावणारा माणूस. शहराशहरांतल्या दालनांत जाऊन दुसऱ्यांची चित्रं भिंतीवर लावायची, हा त्याचा व्यवसाय. आमच्या दालनाला कायमचा माणूस हवा होता. मी संचालकांकडे याच्यासाठी रदबदली केली होती, आणि सरांनी एका प्रदर्शनापुरतं त्याला घेऊन बघायचं कबूल केलं होतं. प्रदर्शन चांगलं लागलं तर दालन त्याचं. नाही लागलं तर तो दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयात जाणार, तिथून त्याला पक्कं बोलावणं होतं आणि प्रदर्शनानंतरच्या सोमवारपर्यंत त्यानं उत्तर द्यायचं होतं. हे सगळं त्यानं मला पहिल्याच चहाला सरळ सांगितलं.

"म्हणजे तुमची पाचही बोटं तुपात," मी म्हटलं.

"बघू," तो म्हणाला. कमी बोलणारा माणूस. बोलायला लागला की एखादं वाक्य, तेही नेमकं. त्याच्या खिशात दोऱ्याला बांधलेलं एक पितळी वजन असायचं, ओळंबा. भिंतीशी धरलं की क्षणभर झुलायचं आणि मग अगदी सरळ उभं राहायचं. मी त्याचं नाव तेच ठेवलं. दोन दिवसांत शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळे त्याला ओळंबा म्हणू लागले, आणि तो ओ देऊ लागला.

आमचा कार्यक्रम तीन दिवसांचा होता आणि सगळा एकाच बाईंभोवती गुंफलेला. एक वयस्क चित्रकार. आयुष्यभर त्यांनी आपल्याच घराच्या खिडक्या रंगवल्या होत्या. स्वयंपाकघराची, जिन्यातली, न्हाणीघराची, दर ऋतूत, दर उजेडात. शुक्रवारी दालनात त्यांच्या चित्रांचं उद्घाटन, शनिवारी सभागृहात त्यांच्यावर केलेला लघुपट, रविवारी त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं प्रकाशन. ही कल्पना माझीच, आणि मला तिचा सार्थ अभिमान होता.

त्या दिवसांत मला एक खोड लागली. सकाळी केंद्राचं कुलूप मी उघडते. उघडलं की आधी ऑफिसात जाऊन दिवे लावायचे, हा माझा नेम. तो मोडला. मी आधी दालनात जायला लागले. छताच्या काचेतून पावसाळी उजेड खाली येत असायचा आणि आदल्या दिवशी लावलेलं चित्र माझ्यासमोर उभं असायचं. कुणी यायच्या आत मी त्या खिडक्यांतून बघून घ्यायचे. मग मागून त्याच्या चपलांचा आवाज यायचा आणि मी पटकन केस कानामागे सारून, काहीतरी खुसपट काढून भांडायला तयार व्हायचे.

"ही जिन्यातली खिडकी इतकी कोपऱ्यात का?"

"जिना कोपऱ्यातच असतो."

"आणि या दोघींच्या मध्ये एवढी जागा का सोडलीत?"

"स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जायला थोडं चालावं लागतं ना," तो शांतपणे म्हणायचा. मला हसू यायचं, पण दाखवायचं नाही असं मी ठरवलं होतं.

कारण होतं. त्याच्या कामावर शेरा मी मारणार होते. 'चित्रं योग्य रीतीने लावली आहेत' असं लिहून सही करायची ती मी. त्याची नोकरी ज्या सहीवर अवलंबून, ती सही माझ्या हातात असताना मी त्याला काही विचारावं, आणि त्यानं हो म्हणावं की नाही या पेचात पडावं, हे मला पटेना. मनातलं ओठांवर आणायला मला कधीच वेळ लागत नाही. यावेळी मात्र मी जीभ आवरून होते आणि ती आवरताना माझे हाल होत होते.

हे घरी कळायला वेळ लागला नाही. आई परिचारिका आहे, माणसाच्या चेहऱ्यावरून ताप ओळखते. "कोण आहे तो?" तिनं भाजी चिरता चिरता विचारलं. धाकटी बहीण वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिनं तर उलटतपासणीच घेतली. तो कुठला, करतो काय, बोलतो किती. मी सहीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, की कायद्याच्या दृष्टीनं माझं बरोबर आहे, पण माणूस सोमवारी गेला तर कायदा घेऊन काय लोणचं घालायचंय?

"मग काय करू?"

"सही सोड, नाहीतर त्याला सोड," बहीण म्हणाली आणि पुस्तकात तोंड घालून बसली.

गुरुवारी संध्याकाळी सगळी चित्रं लागली. तो शिडी घडी करून दाराशी उभा राहिला आणि मी एकटी दालनभर फिरले. खरं सांगते, इतकं सुंदर लागलेलं प्रदर्शन मी कधी पाहिलं नव्हतं. एकाही चित्रासाठी मला मान वर करावी लागली नाही. प्रत्येक खिडकी बरोबर समोर, जणू मी त्या घरात राहते आणि जाता जाता सहज बाहेर बघते आहे. एरवी चित्रांची प्रदर्शनं बघून माझी मान दुखते, यावेळी दुखली नाही, एवढ्यावरूनही मला काही सुचू नये? नाही सुचलं. मी डोळे भरून बघितलं आणि सही केली.

"कसं वाटलं?" त्यानं विचारलं.

"चांगलंय," मी म्हटलं. कमी पडलं असं वाटून पुन्हा म्हटलं, "बरंच चांगलंय."

तो काहीतरी बोलणार होता. त्याऐवजी खिशातला ओळंबा काढून बोटांभोवती दोरा गुंडाळत राहिला. बाहेर पाऊस वाढला होता आणि त्याच्याकडे छत्री नव्हती. माझी घ्या म्हटलं तर घेईना, म्हणून आम्ही दोघं एकाच छत्रीतून फाटकापर्यंत गेलो. छत्री त्यानं धरली होती, माझ्या बाजूला कललेली. फाटकाशी पोचलो तेव्हा त्याचा डावा खांदा पार भिजला होता आणि मी कोरडी ठणठणीत.

शुक्रवारी सकाळी मी सभागृहात लघुपटाची चाचणी घेतली. आवाज नीट येतो का, चित्र पडद्यात मावतं का, हे बघायचं एवढंच. पण मी शेवटपर्यंत बसले. त्यात बाई आपल्या घरात काम करताना दिसतात. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या उभ्या राहून रंगवत नाहीत. बसक्या खुर्चीवर बसतात, समोर कॅनव्हास, पलीकडे खिडकी. सगळं बसल्या जागी. मला ते आवडलं, आणि मी कामाला लागले.

दुपारी सर आले.

सरांविषयी एक सांगायला हवं. आमचे संचालक सहा फुटांच्या वर आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून मला त्यांच्या शर्टाच्या बटणाशी बोलावं लागतं. ते दालनात शिरले, पहिल्या चित्रासमोर थांबले आणि हळूहळू वाकले. खालच्या फडताळातला डबा शोधावा तसे. मग दुसऱ्यासमोर वाकले. तिसऱ्यासमोर गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"ही चित्रं शाळेतल्या मुलांसाठी लावली आहेत का?"

मला काही कळेना. "काय झालं, सर?"

"तू तपासलंस ना?"

"तपासलं. सगळं बरोबर आहे."

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "इकडे ये. इथं उभी राहा. सरळ बघ."

मी उभी राहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीचा मधला गज बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. सरांनी मला पुढच्या चित्रासमोर नेलं, मग त्याच्या पुढच्या. ते एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा चित्राकडे, आणि शेवटी त्यांनी ओळंब्याकडे बघितलं.

"अच्छा," ते म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दालनभर दोरी माझ्या डोळ्यांच्या उंचीवरून गेली होती. पहिल्या दिवशीच्या त्या कच्च्या खुणेवरून. या इमारतीत अख्खं प्रदर्शन फक्त एका माणसाला नीट दिसत होतं, आणि ते माणूस मी होते. म्हणूनच तपासताना मला चूक दिसली नाही. माझे कान तापले. आधी आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी संताप आला. या शहाण्यानं स्वतःच्या नोकरीवर स्वतःच पाणी सोडलं होतं.

सर शांत आवाजात म्हणाले, की चार तासांत उद्घाटन आहे, भिंतींना भोकं पडली आहेत, आता काही हलवता येणार नाही. पण ज्याला उंची साधी नीट घेता येत नाही त्याच्या हातात दालन देणं त्यांना जमणार नाही. आणि ज्यानं तपासलं त्याच्याविषयीही त्यांना विचार करावा लागेल.

मी तोंड उघडलं आणि पुढचं आपोआप आलं. "सर, ही चित्रं बसून बघायची आहेत."

"काय?"

"बाई बसून रंगवतात. उद्याचा लघुपट बघा, त्यात दिसतं. बसलेल्या माणसाला खिडकी जिथं दिसते तिथंच ही चित्रं लावली आहेत. प्रत्येक चित्रासमोर खुर्ची येणार आहे."

"कुठायत खुर्च्या?"

"येतायत."

"म्हणजे हे ठरवून केलंत?"

"अगदी ठरवून," मी पापणीही न हलवता म्हटलं. माईक बंद पडला तरी 'आता आपण एक क्षण शांतता अनुभवूया' असं म्हणून वेळ मारून नेणारी बाई मी. हे तर काहीच नव्हतं. सर एक खुर्ची ओढून पहिल्या चित्रासमोर बसले. बसल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. बराच वेळ ते त्या खिडकीतून बघत राहिले. मी मनात म्हटलं, वाचलो.

"नाही, सर," ओळंबा म्हणाला.

मी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता.

"ठरवून नाही. निदान यांनी सांगितलं तसं नाही." तो सावकाश बोलत होता, शब्द चाचपत. "पहिल्या दिवशी यांना उभं करून खूण केली. नंतर मोजणार होतो. नादात दोरी तिथंच बांधून टाकली... ती चूक. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. तेव्हा एकच चित्र लागलं होतं, वर घेता आलं असतं. घेतलं नाही. बाकीची सगळी मुद्दाम लावली."

"का?" सरांनी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. "या रोज सकाळी कुलूप उघडून आधी इथे येतात. कुणी यायच्या आत. इतकी वर्षं दुसऱ्यांचे कार्यक्रम करतात आणि प्रत्येक कार्यक्रमात दाराशी उभ्या असतात. मला वाटलं... एक प्रदर्शन त्यांच्यासाठी लागावं."

छताच्या काचेवर पावसाचे थेंब वाजत होते.

"मी नोकरी मागत नाहीये," तो पुढे म्हणाला. "पण यांनी दिलेलं कारण मी घेतलं, तर जे केलं ते मी केलंच नाही असं होईल. तेवढं नको."

सर उठले. घड्याळ बघितलं. "खुर्च्या आणा," ते म्हणाले. "दोघंही. तुमचं काय करायचं ते रविवारी बघतो." आणि ते निघून गेले, दारातून जाताना सवयीनं वाकून.

"तुला अक्कल आहे का?" मी म्हटलं. तुम्हीवरून तूवर मी कधी आले ते मलाच कळलं नाही. "मी सगळं सावरलं होतं. एक वाक्य गिळता आलं नाही तुला?"

"एरवी गिळतोच की," तो म्हणाला. "हे एकच होतं."

आम्ही खुर्च्या आणायला गेलो. ग्रंथालयातून स्टुलं, उपाहारगृहातून खुर्च्या, माझ्या ऑफिसातली पाहुण्यांची वेताची खुर्ची. वाटेत तीन वेळा त्याचा हात माझ्या हाताला लागला. एकदा चुकून लागला असेल.

उद्घाटनाला बाई आल्या, काठी टेकत. फीत कापून आत आल्या आणि कुणी सांगायच्या आत पहिल्या खुर्चीवर बसल्या. समोर त्यांचीच खिडकी. आसपासची माणसं घुटमळली आणि मग एकेक करून बसली. एक उंचपुरे गृहस्थ प्रदर्शनाला आलोय की दवाखान्यात, असं कुरकुरत उभेच राहिले, पण बाकीच्यांना बसून बघणं पटलं असावं. एरवी उद्घाटनाला लोक चित्रांकडे पाठ करून चहा पितात. त्या दिवशी कुणी उठायला तयार नव्हतं.

"कुणी लावली रे ही?" बाईंनी विचारलं. सरांनी ओळंब्याकडे बोट दाखवलं. बाईंनी त्याला जवळ बोलावून म्हटलं, "उभं राहून बघणारे लगेच निघून जातात. बसवलंस ते बरं केलंस." तो प्रामाणिकपणे सांगायला लागला, की ते श्रेय त्याचं नाही, खुर्च्यांची कल्पना यांची. माझ्याकडे बोट करून. बाईंनी एकदा माझी उंची बघितली, एकदा चित्राची, आणि त्या नुसत्या हसल्या. चित्रकार माणूस, त्यांना आणखी काय सांगायचं.

शनिवारी लघुपटाला सभागृह भरलं. मी नेहमीसारखी दाराशी उभी होते. शेवटच्या रांगेत तो बसला होता आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर त्याची पिशवी होती. दिवे मंद झाले तसे दोन-तीन जणांनी ती जागा विचारली. कुणीतरी बसलंय, असं तो तिन्ही वेळा म्हणाला. पडद्यावर बाईंचं स्वयंपाकघर आलं तेव्हा मी जाऊन ती पिशवी उचलली आणि बसले. इतक्या वर्षांत आमच्या सभागृहातली खुर्ची किती मऊ आहे ते मला माहीत नव्हतं. तो माझ्याकडे वळला नाही, फक्त हाताची घडी सोडून त्यानं हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, माझ्या हाताच्या अगदी शेजारी. तो तिथंच राहिला आणि मीही माझा काढला नाही. लघुपट मी शुक्रवारी बघितला होता म्हणून बरं, कारण त्या दिवशी मला त्यातलं काही दिसलं नाही.

रविवारी पुस्तकाचं प्रकाशन. आईनं सुट्टी घेतली होती, बहीणही आली होती, दोघी दुसऱ्या रांगेत बसून पुस्तक सोडून सगळीकडे बघत होत्या. बाईंनी आपल्या लग्नाविषयीचं पान वाचलं आणि सभागृह खळखळून हसलं. मी आतून पार ताणलेली होते. कार्यक्रम संपता संपता सरांनी मला ऑफिसात बोलावलं.

ते म्हणाले, की प्रदर्शन गाजलं हे खरं, पण चूक ती चूकच. कायमची नेमणूक ते आज देऊ शकत नाहीत. पुढचा एक हंगाम त्याला आणखी बघतील, मग ठरवतील. त्याला हे चालत असेल तर ठीक, नसेल तर संग्रहालयाची नोकरी त्यानं जरूर घ्यावी, ती पक्की आहे आणि पगारही जास्त आहे.

"आणि एक," सर म्हणाले, "यापुढे त्याच्या कामावर सही तुझी चालणार नाही. तू निःपक्षपाती राहिलेली नाहीस. सही मी करीन. माझ्या उंचीवरून."

माझा एक अधिकार काढून घेतला जात होता आणि मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचे आभार मानले. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि समोरचे कागद उगाचच सारखे केले.

मी दालनात गेले. लोक पुस्तकावर सह्या घेण्यात गुंतले होते, दालनात तो एकटाच होता. न्हाणीघराच्या खिडकीसमोर बसला होता. मी शेजारच्या खुर्चीवर बसले आणि सर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. पदरचं एक अक्षर घातलं नाही. संग्रहालयाचा पगारसुद्धा लपवला नाही.

"तर असं आहे," मी म्हटलं. "इथं कशाचीच खात्री नाही. तिथं आहे. उद्या सोमवार."

"हं."

"काय कळवणार आहेस त्यांना?"

"कळवलंय."

"काय... कळवलंस?"

"येत नाही म्हणून."

"कधी?"

"दुसरं चित्र लावलं त्या दिवशी."

मी हिशोब लावून बघितला. "तेव्हा तर मी तुझ्याशी धड बोलतही नव्हते."

"बोलत होतीस. जिना कोपऱ्यात का, यावरून."

"आणि मी नाही म्हटलं तर? सरांनी त्याच दिवशी घालवून दिलं असतं तर?"

"तर याच शहरात दुसरं काम बघितलं असतं. दालनं काय, पुष्कळ आहेत." तो माझ्याकडे वळला. शब्द शोधायला त्याला वेळ लागत होता, पण या वेळी तो थांबला नाही. "मी नोकरीसाठी थांबलो नाहीये. तुझ्यासाठी थांबलोय. आवडतेस तू मला. तू हो म्हणावंस असं वाटतं, पण थांबायचं मी आधीच ठरवलंय. ते तुझ्या हो-नाहीवर नाही."

इतकं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. लपवायचं तरी कुणापासून?

"मलाही तू आवडतोस," मी म्हटलं. "पहिल्या आठवड्यापासून. सही माझ्या हातात होती म्हणून गप्प बसले. ती आत्ता गेली, आणि मी सरळ इथे आले."

"माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"तू सगळ्यांशी भांडतेस," तो म्हणाला. "माझ्याशी भांडायच्या आधी केस नीट करतेस."

मी त्याला खांद्यावर एक चापट मारली. त्यानं तो हात धरला आणि सोडला नाही. आम्ही तसेच बसून राहिलो, समोर न्हाणीघराची खिडकी, तिच्यात पहाटेचा उजेड. बाहेर पाऊस थांबला होता आणि लोकांच्या बोलण्याचा आवाज जवळ येत होता.

दारात आई आणि बहीण उभ्या होत्या. बहिणीच्या चेहऱ्यावर पन्नास प्रश्न तयार होते. आई काही विचारत नव्हती, पण मला ठाऊक होतं की तिला गेल्या काही रात्री झोप लागली नाही. लेकीचं मन जडलेला माणूस सोमवारी निघून गेला तर घरात काय होईल, हाच एक घोर तिला लागला होता. मी उठले, त्याला हाताला धरून उठवलं आणि तसंच दोघींच्या समोर नेऊन उभं केलं.

"आई," मी म्हटलं, "हा कुठेही जात नाहीये."